हवालदार शेवाळ्यांची बाटल्यांची वही

लालासाहेब शेवाळे यांनी सैन्यात चोवीस वर्षे नोकरी केली आणि त्या चोवीस वर्षांत त्यांना शत्रू म्हणून कोणी दिसला नाही. पहिली चार वर्षे सोडली तर उरलेला सगळा काळ त्यांनी साहित्याच्या भांडारात काढला. तेथे त्यांनी बूट मोजले, पट्टे मोजले, तंबूच्या खुंट्या मोजल्या, आणि मोजलेली प्रत्येक वस्तू पाच रकान्यांच्या वहीत उतरवली: मूळ, काळ, काम, दोष, किंमत. कराडच्या खाली कृष्णाकाठी असलेल्या आपल्या गावात ते परतले ते हवालदार हा हुद्दा, गुडघेदुखी आणि पाच रकान्यांची सवय घेऊन. हुद्द्याचा गावाला तीन महिने उपयोग झाला. गुडघेदुखीचा कोणालाच झाला नाही. रकान्यांना मात्र विषय मिळेना. त्यांनी काही काळ उसाच्या मोळ्या नोंदवून पाहिल्या, परंतु सगळ्या मोळ्यांचे मूळ आणि काम एकच असल्यामुळे त्यात त्यांचे मन रमले नाही.

मोठा पूर आला त्या वर्षी त्यांच्या मळ्याची नदीकडची कड ढासळली आणि गाळातून एक बाटली वर आली. बाटली काळपट हिरवी होती, एका अंगाला झुकलेली होती आणि तिच्या बुडात मूठ मावेल एवढा खळगा होता. लालासाहेबांनी ती धुतली, पिशवीत घातली आणि सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या वीरधवल नावाच्या एका संग्राहकाकडे नेली. वीरधवल चाळिशीचा, दाढी राखलेला, जुन्या वस्तूंवर हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याने बाटलीच्या अंगावरून बोट फिरवले, ती खिडकीकडे धरली आणि म्हणाला, "काका, ही डच व्यापाऱ्यांच्या दारूची आहे. दीडशे वर्षं तरी झाली असतील. वीस हजार रुपये कोणीही देईल."

किमतीचे लालासाहेबांना फारसे काही वाटले नाही. त्यांना हादरा बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. कोणताही कागद नाही, सही नाही, शिक्का नाही, आणि तरीही वस्तू स्वतःचे मूळ आणि काळ सांगते, हे त्यांनी चोवीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी वीरधवलकडून एका परदेशी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती मागून घेतल्या, येताना कराडला पाच रकान्यांची जाड वही घेतली, आणि गोठ्याच्या माळ्यावर फळ्या ठोकायला सुरुवात केली.

फळ्या ठोकताना एक अपघात झाला. पत्नी अंजनाबाई यांची तेलाची बाटली त्या फळीवर तात्पुरती ठेवलेली होती. नोंदीच्या उत्साहात लालासाहेबांनी तिचीही तपासणी करून नववी नोंद केली होती: कराड; अलीकडची; किरकोळ; तोंडाची वळी उलटी; भंगार. त्यानंतर हातोडा बसला आणि बाटली खाली आली. ती अंजनाबाईंच्या वडिलांनी केलेली होती. जोतिबा हे त्यांचे नाव. कराड स्टेशनाजवळच्या काचेच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे भट्टीपुढे काढली होती. अंजनाबाईंनी तुकडे सुपात भरले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "भंगारच हुती की. तुमीच लिवलंय."

हे वाक्य लालासाहेबांनी मान्यता म्हणून घेतले.

पुढल्या सात वर्षांत वहीत चारशे अकरा नोंदी झाल्या. मोबाईलवर जुन्या बाटल्यांचे लाखो रुपये होतात असे सांगणारी चित्रे फिरू लागली तेव्हा कराड, वाळवा, पलूसपासून माणसे येऊ लागली. लालासाहेब पैसे घेत नसत. त्यांचे तीन नियम होते. बाटली धुतल्याशिवाय निकाल नाही. सूर्यप्रकाशाशिवाय निकाल नाही. आणि तिसरा नियम, ज्याचा त्यांना विशेष अभिमान होता: तपासणी चालू असताना मालकाने बोलायचे नाही. "बाटली बोलती, मालकानं गप बसायचं," असे ते पाट पुढे करतानाच सांगत.

या नियमाला कारण होते. मालकाने तोंड उघडले की त्याचे आजोबा बाहेर पडतात, आणि आजोबा बाहेर पडले की बाटलीचे वय पन्नास वर्षांनी वाढते, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात पाहिले होते. माणसाला आपल्या घरातील वस्तूची किंमत कळायला नको असते; त्याला ती कोणीतरी मान्य करायला हवी असते. लालासाहेब मान्य करीत नसत. ते डोळे मिटून बाटलीच्या अंगावरून अंगठ्याचे नख बुडापासून वर नेत. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड नखाला लागतो. तो जोड थेट ओठापर्यंत गेला तर बाटली यंत्रावरची. तो मानेशीच विरला तर तोंड हाताने घडवलेले, म्हणजे बाटली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. असे त्या झेरॉक्समध्ये होते. बहुतेक बाटल्यांचा जोड ओठापर्यंत जाई, आणि किमतीच्या रकान्यात 'भंगार' हा शब्द पडे. बहुतेक मालक असली बाटली तेथेच टाकून जात आणि लालासाहेब ती माळ्यावरच्या फळीवर लावत.

'भंगार' या शब्दाचा सर्वांत मोठा घाव शेजारच्या मळ्यातील नानासो यांना बसला होता. नानासोंकडे आजोबांना गोऱ्या साहेबाने भेट दिलेली औषधाची तपकिरी बाटली होती. ती त्यांनी पाहुण्यांना दाखवून दाखवून गुळगुळीत केली होती. लालासाहेबांनी नख फिरवले आणि नोंद केली: मुंबईकडची, चाळीस वर्षांपूर्वीची, खोकल्याचे औषध, दोष नाही, भंगार.

"चाळीस वर्सांमागं माझा आजा सोडा, बापबी वारला हुता," नानासो ओरडले.

"मग बाटली त्येंच्या मागनं आली," लालासाहेब शांतपणे म्हणाले.

"लाल्या, ध्येनात ठेव. एक निकाल चुकू दे तुजा. एकच."

"एक चुकला तर वही बंद. त्या दिवसापास्नं बाटलीला हात लावणार न्हाई."

हे चारचौघांत बोलले गेले आणि सैन्यातील माणसाने चारचौघांत बोललेले मोडायचे नसते. सात वर्षे नानासो त्या एका चुकीची वाट पाहत होते. गावात कोणाला बाटली सापडली तर तेच त्याला हाताला धरून लालासाहेबांकडे आणीत.

रंगुबाईंनाही त्यांनीच पाठवले. रंगुबाई आणि त्यांचे पती धुळा माण तालुक्यातले. दिवाळी सरली की शंभर-सव्वाशे मेंढरे घेऊन ते कृष्णाकाठी उतरत आणि तोडणी झालेल्या रानांत ती बसवत. शेताला खत मिळे, यांना धान्य मिळे. त्या वर्षी कळप नानासोंच्या रानात होता. एके सकाळी रंगुबाई घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या आणि ओट्याखाली उभ्या राहिल्या.

"आवं दादा, बाटल्यांचं काम तुमीच करता न्हवं?"

"मीच करतो. बसा."

त्यांनी गुंडाळी सोडली आणि लालासाहेब पाटावरून अर्धवट उठले. बाटली निळी होती. आकाशासारखी निळी नव्हे; मोराच्या मानेसारखी, गर्द, आतून पेटल्यासारखी. झेरॉक्सच्या एकविसाव्या पानावर कोबाल्टच्या निळ्या काचेचे वर्णन होते. चित्र काळे-पांढरे असल्यामुळे लालासाहेब सात वर्षे त्या निळ्याची केवळ कल्पना करीत आले होते, आणि त्यांची कल्पना हुबेहूब अशीच होती.

"दादा, मी काय म्हंते, ह्येचं बूच—"

"बोलायचं न्हाई. बाटली बोलती."

रंगुबाई गप्प बसल्या. शिकलेल्या माणसांची कामे गप्प बसल्यावरच होतात, हा तलाठी कार्यालयातला अनुभव त्यांच्या गाठी होता. लालासाहेबांनी नख फिरवले. जोड मानेशी विरला. त्यांनी पुन्हा फिरवले. पुन्हा विरला. बाटली उन्हात धरली तेव्हा निळा रंग कुठे दाट, कुठे विरळ दिसला. हाताने फुंकलेल्या काचेचे ते लक्षण त्यांनी लगेच ओळखले. बुचाभोवती, ओठ पुरता झाकून, तांबूस, चकाकणारे, दगडासारखे घट्ट काहीतरी बसले होते. ती विलायती लाखेची मोहर होती, यात त्यांना शंका उरली नाही.

"दादा, ते बूचच—"

"माझं ध्यान तिकडंच हाय," ते म्हणाले. "बूच मूळचं हाय. लय महत्त्वाचं हाय ते."

"व्हय," रंगुबाई समाधानाने म्हणाल्या.

पहिल्या नियमाप्रमाणे आता बाटली धुवायची होती. अंजनाबाईंनी घंगाळात पाणीही काढले होते. तेवढ्यात लालासाहेबांना मोह झाला आणि त्यांनी फोटो वीरधवलला पाठवला. अर्ध्या मिनिटात फोन आला.

"काका, पाणी लावू नका! घासू नका, बूच उघडू नका. जुनेपण धुतलं गेलं तर किंमत निम्मी होते. पंधरा दिवसांनी आमचं विश्रामबागेत प्रदर्शन आहे. तुम्ही या, ही बाटली घेऊन या आणि तुम्हीच तिच्यावर बोला. पुण्याचे एक संग्राहक येणार आहेत. चाळीस हजारांपासून बोली लागेल."

"धुऊन तरी बघा की," अंजनाबाई म्हणाल्या.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला न्हाई कळत. पर तुमचाच नियम हाय म्हनून म्हनलं."

अडाणी माणसाचा नियम सुशिक्षित माणसाच्या सल्ल्यापुढे किती सहज वाकतो, हे पाहायचे तर त्या क्षणी त्या घंगाळाकडे पाहायला हवे होते. अंजनाबाईंनी ते उचलले आणि पाणी म्हशीपुढे ठेवले.

"बाटली माझ्या ताब्यात राहू द्या, पावती देतो," लालासाहेब रंगुबाईंना म्हणाले. "पंधरा दिस लागतील. सांगलीला न्यायची हाय."

रंगुबाईंचे डोळे विस्फारले. "सांगलीला? एवढं अवघड हाय का?"

"लय अवघड. सबंद जिल्ह्यात एकटा मी हाय म्हणून हातात घेतलं."

"आमच्या मालकानं पक्कड लावूनशान बघितलं, न्हाई झालं."

"पक्कड?" लालासाहेबांनी बाटली छातीशी धरली. "बाई, असल्या वस्तूला पक्कड लावत्यात का? सांगलीला तुमीबी यायचं. मालकीण म्हणून खुर्चीवर बसायचं."

"मेंढरांचं कोन बघंल?" रंगुबाईंनी विचारले. पण एवढ्या मोठ्या कामासाठी धुळा एक दिवस एकटा सांभाळेल, असे त्यांनीच ठरवले. त्या दिवशी चारशे बाराव्या नोंदीत, सात वर्षांत दुसऱ्यांदा, किमतीच्या रकान्यात आकडा पडला. मूळ: इंग्लंड. काळ: राणीच्या अमलातला. काम: औषधी दुकान. दोष: नाही. किंमत: चाळीस हजार व पुढे. खाली लालासाहेबांनी सही केली, हुद्द्यासकट.

प्रदर्शनाच्या दिवशी नानासोंनी स्वतःची गाडी काढली. मनात काही वेगळे असल्याशिवाय ते डिझेल जाळत नसत. पुढे ड्रायव्हरशेजारी लालासाहेब मांडीवर बाटली घेऊन बसले, मागे नानासो, अंजनाबाई आणि रंगुबाई. पेठनाक्याला चहा झाला. रंगुबाईंनी अंजनाबाईंना हळूच विचारले, "वैनी, तिथं मशीन असंल न्हवं?"

"कसलं मशीन?"

"बाटलीचं."

"असंल बाई. मला ह्यातलं काय सांगत न्हाईत."

विश्रामबागेतले सभागृह स्वच्छ होते. टेबलांवर पांढऱ्या चादरी होत्या. त्यांवर अडकित्ते, कुलपे, घड्याळे, दौती मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी. पंचेचाळीस-पन्नास माणसे जमली होती. मध्यभागी निळी बाटली एका उंच ठोकळ्यावर ठेवली गेली. पुण्याचे संग्राहक, पांढरा सदरा आणि जाड भिंग घेऊन आलेले गृहस्थ, तिच्याभोवती दोनदा फिरले आणि मान हलवून बसले. वीरधवलने लालासाहेबांची ओळख करून दिली: ज्यांचा एकही निकाल आजवर चुकला नाही असे तज्ज्ञ. नानासो पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

लालासाहेबांनी बोलायला सुरुवात केली. त्यांनी जोडाबद्दल सांगितले, निळ्या काचेबद्दल सांगितले, विलायती लाखेबद्दल सांगितले. बाटली खिडकीकडे धरली तेव्हा पांढऱ्या भिंतीवर निळा डाग थरथरला आणि सभागृहात खरोखरच एक हलका उद्गार उमटला. सात वर्षांची मेहनत त्या एका उद्गारात वसूल झाली असे त्यांना वाटले.

त्याच वेळी उघड्या दारातून एक कुत्रे आत आले. ते सांगलीचे साधे, तांबडे, कोणालाही न भिणारे कुत्रे होते. ते शांतपणे दोन रांगांमधून चालत टेबलापर्यंत आले, त्याने चादरीचा वास घेतला आणि मागचा पाय उचलला.

"हाड! हाड!" लोक उठले. वीरधवलने चिठ्ठ्यांचा पुठ्ठा भिरकावला. आपले काम पुरे करून कुत्रे आले तसेच परत गेले.

"बघा की," रंगुबाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांचा आवाज माळावर कळप हाकण्यासाठी घडलेला होता. "डोळ्याम्होरं ठेवली तरी कुत्रं भ्यालं का? मी तवाच मालकास्नी म्हनत हुते, निळीच्या पान्याला कुत्री भेत न्हाईत. उगंच सा वर्सं दारात ठेवली."

क्षणभर कोणालाच अर्थ लागला नाही.

"कसलं पाणी?" पुण्याच्या गृहस्थांनी विचारले.

"निळीचं. कापडाला घालत्यात ती नीळ. दारात कुत्री घान करत्यात म्हनून बाटलीत भरून ठेवायची, समदं गावच ठेवतंय. पोरं बूच काढायची, म्हनून मालकानं वरनं बाभळीचा डिंक लावला. आता पानी आटलं, नीळ आत चिकटली अन् बूच काय निघंना. तेवढं काढून द्या म्हनून तर दादांकडं आले."

सभागृहात शांतता झाली. ती शांतता लालासाहेबांनी पूर्वी एकदाच अनुभवली होती, भांडारातल्या तपासणीत दोनशे बूट कमी भरले तेव्हा. फरक एवढाच की ते बूट त्यांनी मोजलेले नव्हते.

"मग हे मला आधी का न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारले.

"कवा सांगू? तुमी म्हनला बोलायचं न्हाई."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मग दोघे हसले. नानासो हसले नाहीत. ते फक्त खुर्चीवर नीट सरकून बसले. जेवण वाढायला घेतल्यावर माणूस बसतो तसे.

वीरधवल पटकन पुढे झाला आणि लालासाहेबांच्या कानाशी कुजबुजला, "काका, सावरून घ्या. काच निळी आहेच, वरून नीळ नंतर भरली असं सांगा. बूच उघडल्याशिवाय कोण सिद्ध करणार? पाहुणे थांबलेत."

हे शक्य होते. एवढेच नव्हे, ते खरेही असू शकले असते; आणि असे खोटे बोलणेच सर्वांत कठीण असते, जे कदाचित खरे निघेल. लालासाहेबांनी नानासोंकडे पाहिले. मग वहीकडे पाहिले. निकाल राखायचा तर बूच बंद ठेवायचे होते, आणि बूच उघडायचे तर वही बंद होणार होती. त्यांनी घसा साफ केला.

"चहावाल्याला सांगा, कोमट पाणी आण. बादलीभर."

"काका—"

"माझा पहिला नियम हाय. तो मी मोडला. आता पाळतो."

बादली आली. लालासाहेबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बाटलीची मान पाण्यात धरली. बाभळीचा डिंक, ज्याला ते पंधरा दिवस विलायती लाख म्हणत होते, पाच-सात मिनिटांत बोटाला चिकटू लागला. बूच फिरले आणि निघाले. "निघालं!" रंगुबाई आनंदाने म्हणाल्या. त्या सभागृहात आनंद झालेल्या त्या एकट्याच होत्या. लालासाहेबांनी पाणी आत घेतले, तळहाताने तोंड दाबून हलवले आणि ओतले. राणीच्या अमलातला कोबाल्ट बादलीत उतरला. थोडा चादरीवर सांडला, थोडा हवालदारांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिसऱ्या पाण्याला हातात उरली एक साधी, फिकट हिरवट बाटली. पुण्याच्या गृहस्थांनी भिंग खिशात ठेवले.

"पण जोड मानेशीच थांबलाय," लालासाहेब स्वतःशीच म्हणाले. "तोंड हाताचंच हाय. पुस्तकाप्रमाणं शंभर वर्सांची हाय."

"द्या हिकडं," अंजनाबाई म्हणाल्या.

त्या कधी उठून टेबलाशी आल्या हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यांनी बाटली घेतली, पदराने पुसली, आणि डोळे न मिटता ओठाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. मग थांबल्या.

"पुस्तकात असंल तसं. आमच्या कारखान्यात मी शाळंत जाईस्तवर तोंडं हातानंच करत हुते. भट्टीतनं काढायची, नळी फिरवायची अन् चिमट्यानं ओठ वळवायचा. समद्यांच्या वळ्या उजवीकडं जात्यात." त्यांनी अंगठा पुन्हा ठेवला. "हिची डावीकडं जातीया. माझा बा डावखुरा हुता."

लालासाहेबांनी वही उघडली. नववी नोंद शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आपल्या हस्ताक्षरातले पान माणसाला लवकर सापडते. दोष: तोंडाची वळी उलटी. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले. सात वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या सासऱ्यांचा हात बरोबर ओळखला होता, आणि ओळखून तो दोषाच्या रकान्यात घातला होता.

"बाई," त्यांनी रंगुबाईंना विचारले. आयुष्यात प्रथमच ते एखाद्या मालकाला हा प्रश्न विचारत होते. "ही तुमच्याकडं आली कुठनं?"

"कऱ्हाडास्नं. आमचं मामंजी कारखान्याजवळच्या रानात मेंढरं बसवायचं. तिथल्या एका कामगाराच्या पोरीला खोकला झालता, तिला रोज शेळीचं दूध द्यायचं. जाताना त्यानं ही दिली. मामंजी म्हनायचं, मेंढराला औशीद पाजायला हिच्यासारखं तोंड न्हाई. जिभंला लागत न्हाई."

"कंच्या पोरीला खोकला झालता?" अंजनाबाईंनी विचारले. पण उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि बाटली मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

लालासाहेबांनी सर्वांसमोर चारशे बारावी नोंद मोठ्याने वाचली. मग ती तांबड्या शाईने खोडली आणि खाली लिहिले: मूळ: कराड. काळ: साठएक वर्षे. काम: आधी औषध, मग मेंढरे, मग कुत्री. दोष: तपासणाऱ्याचा. किमतीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. वही मिटून ती त्यांनी नानासोंपुढे धरली.

"घे. शब्द हाय."

नानासोंनी सात वर्षे या क्षणासाठी जे वाक्य तयार ठेवले होते, ते त्यांच्या तोंडाशी आले असावे. परंतु चूक पकडण्याचा आनंद चूक करणाऱ्यानेच घेऊन टाकला होता, आणि समोरच्या माणसाचा हात कोपरापर्यंत निळा होता. त्यांनी वही घेतली. "गाडीत ठेवतो," एवढेच ते म्हणाले.

परतताना प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. अंजनाबाईंच्या मांडीवरून बाटली काढून घेणे रंगुबाईंना जमेना, आणि मेंढरांना औषध तर पाजायचे होते.

"वैनी, तुमी ठिवा. बाची हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "पर मला एक बाटली द्या. मेंढरं खोकत्यात."

लालासाहेबांनी त्यांना गोठ्याच्या माळ्यावर नेले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "चारशे हायती. कुठलीबी घ्या."

रंगुबाईंनी घाई केली नाही. त्या एकेक बाटली उचलत, तोंडावर बोट फिरवत, मान मुठीत धरून मेंढराच्या जबड्यात घातल्यासारखी वाकवत आणि खाली ठेवत. ही जड. ही निसरडी. हिच्या तोंडाला धार. इतकी कसून तपासणी त्या माळ्यावर पूर्वी झाली नव्हती. शेवटच्या फळीवर पोचल्यावर त्यांनी पुरातून वर आलेली, एका अंगाला झुकलेली, काळपट हिरवी बाटली उचलली.

"ही ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "वाकडी हाय त्येच बरं. कोपर वर करावं लागत न्हाई."

लालासाहेबांनी तोंड उघडले. डच व्यापारी, दीडशे वर्षे, वीस हजार रुपये, हे सर्व त्यांच्या जिभेवर आले. दारात अंजनाबाई उभ्या होत्या. त्या बघत होत्या. लालासाहेबांनी तोंड मिटले, बाटली पुसली आणि रंगुबाईंच्या हातात दिली. पावती मागितली नाही. आठवड्याने कळप पुढच्या रानाकडे हलला तेव्हा धुळाच्या खांद्यावरच्या झोळीतून ती वाकडी मान बाहेर डोकावताना गावाने पाहिली.

महिनाभर लालासाहेबांनी कोणत्याही बाटलीला हात लावला नाही. मग एका सकाळी नानासो ओट्यासमोर आले. एका काखेत ती वही होती, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेले काहीतरी.

"वही बंद हाय," लालासाहेब म्हणाले.

"वही बंद हाय, डोळं न्हाईत. आजीच्या पेटीत घावली. बघ तर."

लालासाहेबांनी फडक्याकडे पाहिले. अंजनाबाई स्वयंपाकघरात जोतिबांच्या बाटलीतले तेल कढईत ओतत होत्या. धार डावीकडे वळून पडते, असे लालासाहेबांना हल्ली वाटे. त्यांनी पाट पुढे केला.

"बस. आदी तू सांग. बाटली मागनं बघू."

नानासो बसले. त्यांनी आजीपासून सुरुवात केली, मग आजीच्या माहेरावर गेले, माहेरच्या विहिरीवर, विहिरीच्या वाटणीवर आणि त्या वाटणीत फितूर झालेल्या चुलत्यावर. ऊन ओट्यावरून अंगणात उतरले. अंजनाबाईंनी दोनदा चहा आणला. फडके अजून सुटलेले नव्हते. मान डोलावत, मुकाट्याने ऐकत बसलेल्या लालासाहेबांना तिसरा नियम आपण का केला होता हे हळूहळू स्वच्छ आठवू लागले, आणि तरीही, चुलता कोर्टात गेला तेव्हा, त्यांनी विचारलेच, "मग पुढं काय झालं?"